काचांमधले कागद

आमच्या समोरच्या काचवाल्याला मी एकदाच कुणावर हात उगारताना पाहिलं, आणि त्या दुपारी लोकांनी ओढून धरलं नसतं तर त्याच्या हातून माणूस मेला असता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तो कुणी साधू होता असा गैरसमज व्हायचा.

त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. मागे नवराबायकोच्या राहायच्या दोन खोल्या. भिंतीला काचा उभ्या रेललेल्या, आणि एकीवर दुसरी घासू नये म्हणून प्रत्येक दोहोंमध्ये वर्तमानपत्र. जाड काच कमी खपते, त्यामुळे तिच्यामधले कागद वर्षानुवर्षं तसेच राहत. गिऱ्हाईक आलं की तो काच ओढून काढी, कागद झटकी आणि माप विचारायच्या आधी तो पिवळा कागद उभ्याउभ्या वाचून काढी. ताजं वर्तमानपत्र त्याने कधी घेतलं नाही. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव ‘शिळ्या बातम्या’ ठेवलं होतं. बायको म्हणे, घराला आग लागल्याची बातमी यांना घर पुन्हा बांधून झाल्यावर कळेल.

एकदा माझ्या स्वयंपाकघराचं तावदान बसवायला तो आला. मी नेहमीसारखी चहा आणि वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आमच्या शाळेतल्या नन्सनी रोज वर्तमानपत्र वाचायची आणि रोज डायरी लिहायची शिस्त लावली, ती सुटली नाही. त्या दिवशी पहिल्या पानावर बॉम्बने पडलेलं इस्पितळ होतं, खाली बुडालेली होडी. जगाचं काही खरं नाही, असं मी म्हणाले असेन. तो अंगठ्याने चौकटीत काच पक्की करायची लांबी भरत होता. न वळता म्हणाला, “मावशी, तुमचा पेपर कच्चा आहे. जरा पिकू द्या.”

मग हात पुसून त्याने खिशातून एक घडी काढली. वेढा पडलेल्या कुठल्याशा शहराची बातमी होती. लोक झाडाच्या साली उकडून खात होते, रस्त्यात पडलेली प्रेतं उचलायला कुणी उरलं नव्हतं. हे शहर आता संपलं, असं लिहिणाऱ्याने शेवटी लिहिलं होतं. काचवाला म्हणाला की त्याच्याकडची नक्षीची काच त्याच शहरातून येते, खोक्यावर नाव असतं. मी म्हटलं, मेले त्यांचं काय? तर म्हणाला, मेले ते मेलेच, त्यात पिकण्यासारखं काही नाही. पण आता कुणीच उरणार नाही असं जे लिहिलं होतं, तेवढं चुकलं. आणि एवढ्यावर आपलं दुकान चालतं.

पुढच्याच वर्षी दूरच्या दोन देशांत लढाई जुंपली. आमच्या गल्लीतल्या कुणालाही ते देश नकाशावर दाखवता आले नसते, पण बाजू मात्र सगळ्यांनी घेतल्या. आधी भिंतींवर कागद चिकटले, मग ते फाडले गेले, मग फाडणाऱ्यांची डोकी फुटली. एकाची स्कूटर जाळली. आणि एका दुपारी, बायका जेवणं आटोपून जरा आडव्या झालेल्या असताना, वरच्या रस्त्याने जमाव आला.

काचेच्या दुकानावर दगड पडतात तेव्हा कसा आवाज होतो ते मी लिहू शकणार नाही. मी खिडकीपाशी गेले तेव्हा त्याची बायको दुकानाचं शटर ओढायला धावली होती. एक अख्खी वीट उभ्या मोठ्या काचेवर बसली आणि ती काच तिच्यावर कोसळली. ती काचांच्या ढिगात बसली होती. हात तोंडावर, बोटांमधून रक्त कोपरापर्यंत. काचवाला आतून अनवाणी धावत आला. ती म्हणाली, “अहो, चप्पल घाला. पायात जाईल.”

त्याने चप्पल घातली नाही. तो त्याच काचांवरून रस्त्यावर पळाला आणि जमावातला सर्वांत मागे राहिलेला त्याने धरला. तो पलीकडच्या गल्लीतला सायकल दुरुस्त करणारा होता, बूट निसटल्यामुळे अडखळलेला. काचवाल्याच्या हातात काच मापायची लांब लाकडी पट्टी होती. त्या पट्टीने त्याने त्याला तोंडावर मारलं, पडल्यावर मारलं, पट्टी मोडली तेव्हा उरलेल्या अर्ध्या तुकड्याने मारलं. दात रस्त्यावर पडलेले मला वरून दिसत होते. त्याने काचेचा तुकडा उचलला तेव्हा चौघे त्याच्या अंगावर पडले. सायकलवाल्याचा जबडा मोडला. तो अजून पेज पितो.

तिचा डावा डोळा गेला. इस्पितळातून आल्यावर तिने पहिलं काम सांगितलं ते गवंड्याला: मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवा, या घरात काच नको. दिवसाढवळ्या दिवा लावून ती तिथे बसू लागली.

काचवाल्याने पायांना पट्ट्या बांधून गल्लीतल्या साऱ्या फुटक्या खिडक्या बसवल्या. पण जुने पिवळे कागद त्याने चुलीत घातले आणि रोजचं ताजं वर्तमानपत्र सुरू केलं. सकाळी दारात उभा राहून मला मोठ्याने वाचून दाखवी: इथे इतके कापले, तिथे गाव पेटवलं. वाचून झालं की पान काचांमध्ये खुपशी आणि म्हणे, “बघा मावशी, तुमचंच बरोबर होतं.” आपलं बरोबर ठरू नये असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

मोडक्या पट्टीचा तुकडा त्याने टाकला नव्हता. टोक तासून पैशांच्या गल्ल्याखाली ठेवला होता. सायकलवाला रस्त्याने जाताना दिसला की त्याचा हात गल्ल्याखाली जाई. हे मी पाहिलं होतं, आणि माझ्याआधी तिने. मला म्हणाली, “डोळा गेला तो गेला, मावशी. पण हा माणूस एक दिवस त्याला भोसकणार. ते बघायला माझा दुसरा डोळा मी इथे ठेवणार नाही.” पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. बहिणीकडे जाणार होती, कायमची.

वर्ष उलटलं असेल. कुणाला जाड काच हवी होती. मी दुकानात बसले होते, तीही त्या दिवशी बाहेर येऊन बसली होती. त्याने काच ओढली आणि मधला कागद तिच्या पायाशी पडला. तिने तो उचलून एका डोळ्याजवळ धरला. आमच्याच दगडफेकीची बातमी होती.

“अहो, हा पिकला का बघा,” ती म्हणाली.

तो काचेवरची धूळ पुसत राहिला. मग तिनेच वाचलं, अडखळत. काही जखमी. एका महिलेची प्रकृती चिंताजनक. दोन्ही गल्ल्यांतील लोक आता एकमेकांना जिवंत सोडणार नाहीत, असे स्थानिकांचे मत. वाचून तिने विचारलं, स्थानिक म्हणजे आपणच ना, मग आपल्याला विचारायला कोण आलं होतं? आणि जरा थांबून म्हणाली, “सायकलवाला अजून जिवंत आहे. मीही आहे. हे खोटं ठरवायचं की खरं, ते आता तुमच्या हातात आहे. ती पट्टी काढा.”

त्याने गल्ल्याखालून पट्टी काढली. टोक चाकूसारखं झालं होतं.

“आधी ते टोक कापा. आणि मागच्या खिडकीचं माप घ्या.”

“ही अर्धीच आहे.”

“मग दोनदा ठेवा,” ती म्हणाली.

त्याने टोकावरून अंगठा फिरवला. मग करवत घेतली. टोक खाली पडलं तेव्हा ते त्याने पायाने ढकललं नाही, वाकून उचललं आणि चुलीत टाकलं. तिची पिशवी मात्र दाराशी होती तिथेच राहिली.

त्या संध्याकाळी काचवाल्याच्या मागच्या खोलीतून घणाचे घाव ऐकू येऊ लागले. पुन्हा मारामारी पेटली असं वाटून लोक हातात मिळेल ते घेऊन बाहेर आले, पलीकडच्या गल्लीतलेही आले. सगळे तिथेच थबकले. बुजवलेल्या खिडकीच्या विटा मागच्या बोळात कोसळत होत्या, धूळ उडत होती, आणि आतून तिचा आवाज येत होता, चप्पल घाला म्हणून.