स्कीचे बूट देणाऱ्या आजी

नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला आलो त्या हिवाळ्यात ऑफिसच्या मित्रांबरोबर ब्रॅकनेल गावाजवळच्या स्की-स्लोपवर, म्हणजे घसरत खाली यायच्या कृत्रिम उतारावर गेलो. बूट द्यायला सत्तरीच्या एक गोऱ्या आजी होत्या. सगळ्यांनी स्नोबोर्ड घेतला, म्हणून मीही मागितला.

"तुला हवाय, की त्यांना?" त्यांनी विचारलं.

"त्यांना," मी कबूल केलं. "दोन्ही पाय एका फळीला बांधायची मला भीती वाटते."

"मग स्की घे. दोन पायांना दोन वेगळ्या फळ्या, पाय मोकळे राहतील."

त्या गुडघे टेकून माझ्या बुटांची बक्कलं लावू लागल्या. संकोचून मी पाय मागे घेतला.

"हलू नकोस रे!" म्हणत त्यांनी घोट्यावर थोपटलं.

त्या दिवशी मी खूपदा पडलो. दर वेळी वर पाहिलं, तर आजी बुटांच्या खोलीच्या काचेशी उभ्या राहून हातानं 'ऊठ, ऊठ' करत होत्या. परक्या देशात माझ्यासाठी असं कुणी पहिल्यांदाच उभं राहिलं होतं.