साहेबांची लोकर

आमच्या घरात चहाच्या कपात केस निघाला नाही, तर कुत्रा बरा आहे ना ते मी आधी विचारतो. सुरुवातीला मी कप आपटायचो. आता चमच्याने केस काढतो, बशीच्या कडेला ठेवतो आणि चहा पितो. तो केसही वाया जात नाही. ही येते, बशीतून तो उचलते, उजेडाकडे धरून बघते आणि म्हणते, "हा राठ आहे, टाकून द्या. मऊ असला तर ठेवत जा." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या केसांकडे तिने असं कधी निरखून पाहिलं नाही. आता पाहायला ते उरलेही नाहीत.

ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काच फ्रेमच्या मापाने घासायची आणि खटकन बसवायची, हे तिचं काम. दिवसभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून राबते आणि घरी येऊन आमचं सगळं घर केसाळ करून टाकते. तिचा छंद चारचौघांत सांगायचा म्हणजे मी आधी घोटभर पाणी पितो. ती कुत्र्याच्या केसांची लोकर करते. केस विंचरून काढते, धुते, पिंजते, टकळीवर त्याचं सूत कातते आणि मग त्या सुताचे मोजे, टोप्या, मफलर विणून इमारतीत वाटते.

"विकत का नाही?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. ती चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "तुम्ही अंघोळ करताना गाता ते विकता का?" मग विषय बदलतो.

कुत्र्याचं नाव साहेब. ते मी ठेवलं. पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या टेबलावर माझी उमेद संपली, आणि तिथे जे कधी बोलता आलं नाही ते आता मी रोज बोलतो. "साहेब, खाली बसा." "साहेब, तोंडातली चप्पल सोडा." साहेब ऐकतात, हेही मला नवीनच आहे. रंगाने करडे, अंगाने ढगळ, आणि जन्मतःच दोन कोट घालून आलेले. वर लांब राठ केस, आत कापसासारखी लव. मांजरीचं नाव तपासनीस. घरात आलेली कुठलीही पिशवी तिने डोकं घालून पाहिल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही. तिचेही केस हिने कातून पाहिले होते, पण ते पडले आखूड, सूत तुटायला लागलं. तेव्हापासून तपासनीसबाई नुसत्या बसून खातात.

वर्षातून दोनदा साहेब आतला कोट उतरवतात. एकदा थंडी सरताना आणि एकदा ती परत यायच्या आधी. ती लव कोणाच्या खिडकीत जाऊ नये, कोणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटू नये म्हणून आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर जातो. आमच्या जुन्या गाडीत मागे साहेब, टोपलीत तपासनीस, थर्मास, दोन घडीच्या खुर्च्या आणि उशीचे रिकामे अभ्रे. ही वाऱ्याकडे पाठ करून बसते, साहेबांना पायांत घेते आणि मानेपासून शेपटीपर्यंत कंगवा फिरवते. माझं काम अभ्र्याचं तोंड उघडं धरायचं आणि अधूनमधून "साहेब, हलू नका" म्हणायचं. राठ केसांचे पुंजके ती झुडपांवर अडकवून ठेवते, चिमण्या ते घरट्यांना नेतात. एकदा एका चिमणीने थेट साहेबांच्या पाठीवरूनच केस उपटून नेला. साहेबांनी डोळासुद्धा उघडला नाही. आमच्या खात्यातल्या साहेबांच्या नाकाखालून तर कपाटं गेली होती.

दोन वर्षांपूर्वी एकदा आम्ही गाडी भरत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजी फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुठे निघालात?" हिने सांगितलं. आजींनी एकवार वर आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि सरळ गाडीचं पुढचं दार उघडून बसल्या. "चला," म्हणाल्या, "मी घरी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलंय."

तेव्हापासून दर खेपेला त्या आल्या. दात मात्र शाबूत होते. तळ्याकाठी बसून त्या लोकर पिंजायला शिकल्या. तारांचे दोन ब्रश एकमेकांवर ओढायचे, केस सरळ करायचे आणि कातण्यासाठी त्यांची हलकी सुरळी, म्हणजे पेळू, वळायचा. पहिल्यांदा बोटं सोलवटली, पण त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. त्यांचा खांदा दुखायचा म्हणून हिने त्यांना साहेबांच्या लोकरीची शाल विणून दिली. तीत थोडी मेंढीची लोकर मिसळली, कारण नुसत्या कुत्र्याच्या केसांचं विणकाम पुढे सैल पडतं. शाल इतकी ऊबदार झाली की आजी म्हणाल्या, "हे घेतलं की कोणीतरी कुशीत येऊन झोपल्यासारखं वाटतं." घरी मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की शेजारच्या बाईंनी विणून दिली.

आता आजींचा मुलगा. तो आमच्या इमारतीचा चेअरमन. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळ्याची भीती वाटते. लिफ्टची, जंतूंची, उघड्या गटाराची, आणि सगळ्यात जास्त आईच्या पडण्याची. त्या एकदा जिन्यात घसरल्या होत्या, तेव्हापासून तो त्यांना दूधवाल्याकडेसुद्धा एकटं सोडत नाही. दाताचा डॉक्टर खालच्याच गल्लीत होता म्हणून तेवढी परवानगी.

यंदा थंडी सरत आली आणि लिफ्टमध्ये केसांचा एक पुंजका सापडला. चेअरमनने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आणि सभा बोलावली. सभा खाली, गाड्या लावायच्या जागेत. संध्याकाळी तिथे वारा सुटतो. सगळे अंग चोरून बसलेले. चेअरमन पिशवी उंच धरून म्हणाला, "मला कुत्र्याच्या केसांचा भयंकर त्रास होतो. केस नुसता जवळ आला तरी शिंका सुरू. इमारतीत चार पायांचा प्राणी नको, असा ठराव मांडतो. महिन्याभरात हलवावा."

हे सगळं तो आजींची शाल पांघरून बोलत होता.

मी आधी शालीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. तोंड उघडलं, तर हिने मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांतून पाणी आलं. मग ती उभी राहिली. "चार पायांचा म्हणजे मांजरही आलं का?" चेअरमन म्हणाला, "आलं." "साहेब दहा वर्षं इथे राहतोय. कोणाला चावलाय? कोणाच्या दारात घाण केलीय?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा बरेच हात वर झाले. त्यांतले दोन हात हिने विणलेल्या हातमोज्यांत होते. ठराव झाला.

घरी आल्यावर मी पेटलो. "एका वाक्यात जिंकलो असतो! त्याच्याच अंगावर साहेब होते! दोन हिवाळे पांघरतोय, एक शिंक नाही!"

"मला दिसत नव्हतं का? चष्मे मी बनवते."

"मग बोलली का नाहीस?"

"ती शाल मी आजींना दिलीय. दिलेली वस्तू चार लोकांत ओढून दाखवायची नसते. आणि मी बोलले असते की तो आधी आईला विचारणार, लोकर कुठून आली, तू कुठे जातेस. झालं! आजींचं तळं बंद. माझं कुत्रं वाचवायला मी त्यांना कोंडून घालू?"

मग न राहवून म्हणालो, "थोडे दिवस तुझ्या भावाकडे ठेवायचं का साहेबांना? वातावरण निवळेपर्यंत?"

"ठेवते," ती म्हणाली. "दोघांनाही ठेवते. तुमची बॅग भरू का आधी?"

मी विषय बंद केला. खरं सांगायचं तर मलाही साहेब जायला नको होते. इतक्या वर्षांत माझं ऐकणारा तो एकच जीव. पण मला वाटत होतं, आता अर्ज करू, विनंती करू, दोन माणसांना भेटू. खात्यात जन्म गेलेला माणूस दुसरं काय सुचवणार?

हिने अर्जबिर्ज काही केला नाही. रविवारी सकाळी तिने कपाटातली पांढरी चादर काढली, कंगवा आणि ब्रश घेतले आणि साहेबांना घेऊन लिफ्टने खाली गेली. मी मागोमाग अभ्रे घेऊन. मला वाटलं, तळ्यावर निघालो. तिने अंगणाच्या मधोमध चादर पसरली, दोन्ही घडीच्या खुर्च्या टाकल्या आणि साहेबांना बसवलं. सगळ्या गॅलऱ्यांच्या समोर.

"अगं, इथे?"

"इथेच. इतकी वर्षं चोरासारखी गावाबाहेर जाऊन विंचरत आले, कोणाला त्रास नको म्हणून. मोजे सगळ्यांनी घातले आणि ठरावही सगळ्यांनी केला. आता बघू देत मोजे कुठून येतात. तुम्ही अभ्रा धरा."

मी धरला. गॅलऱ्यांत माणसं जमली. साहेबांना एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते, ते जीभ बाहेर काढून आरामात बसले. करडी लव कंगव्यातून ढगासारखी सुटत होती आणि ही एकेक झुबका अभ्र्यात टाकत होती, मान वर न करता.

चेअरमन खाली आलाच. नाकावर रुमाल, हातात ठरावाचा कागद.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"केस काढतेय."

"ठराव झालाय."

"वाचला मी. फळ्यावर लावलाय ना? अक्षर छान आहे तुमचं."

"महिन्याभरात हे जनावर—"

"नाही जाणार," ही म्हणाली. आवाज चढवला नाही, कंगवाही थांबवला नाही. "साहेब नाही जाणार, मांजर नाही जाणार आणि मीही नाही जाणार. ठराव राहू दे फळ्यावर. आम्हीही राहतो."

त्याने ठरावाचा कागद पुन्हा उलगडला. तेवढ्यात जिन्याचं दार वाजलं. आजी. लिफ्ट सोडून कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आल्या होत्या, अंगावर शाल. "आई! जिन्याने कशाला—" म्हणत मुलगा धावला, तर त्यांनी हातानेच त्याला बाजूला केलं. माझ्या खुर्चीत बसल्या, हिच्याजवळचे दोन्ही ब्रश उचलले, अभ्र्यातली मूठभर लव घेतली आणि पिंजायला लागल्या. सरसर, सरसर. हात असे चालले की वरच्या गॅलरीतून कोणीतरी "अरे वा!" म्हणालं.

चेअरमन बघतच राहिला. "आई, तुला हे कसं येतं?"

"तळ्यावर शिकले."

"कुठल्या तळ्यावर?"

"दाताचा डॉक्टर बसतो ना, त्या," आजी म्हणाल्या आणि बत्तीसच्या बत्तीस नसतील, पण होते तेवढे सगळे दात काढून हसल्या.

त्याचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? "मला सांगितलं का नाहीस?"

"तू जाऊ दिलं असतंस?"

आजींनी खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "ही बघ. नीट बघ. सभेत पांघरून बसला होतास. रात्री पाय गार पडले की माझ्या अंगावरची ओढून नेतोस. ही या कुत्र्याची आहे. आता शिंकायचं असेल तर शिंक. दोन हिवाळ्यांच्या राहिलेल्या शिंका एकदम देऊन टाक."

गॅलऱ्यांत हशा पिकला. चेअरमनने शाल हातात धरली होती, ना टाकवत होती ना पांघरवत. मग त्याला शिंक आली. एकच. मुद्दाम होती असा माझा संशय आहे, पण हिने मला बोलू दिलं नाही. उलट त्याला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला खरंच त्रास होत असेल तर लिफ्ट मी रोज पुसून देईन. ते माझं काम. पण घालवायची भाषा नको."

"आई, वर चल," तो हळूच म्हणाला.

"नाही," आजी म्हणाल्या. "अजून अर्धं कुत्रं बाकी आहे."

तो एकटाच वर गेला. शाल घेऊन गेला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

ठराव अजून फळ्यावर आहे. कोणी रद्द केला नाही, कोणी अमलातही आणला नाही. त्यावर पाण्याच्या टाकीची सूचना लागली, तिच्यावर रंगाऱ्याची. साहेब रोज त्याच्याखालून शेपूट हलवत जातात. लिफ्ट ही पुसते. म्हणजे मला पुसायला लावते.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी भरली. तळं काही सोडायचं नव्हतं, अंगणात चिमण्यांना झुडपं कुठे आहेत? आजी फाटकाशी आल्या, आणि या वेळी मागोमाग त्यांचा मुलगा. त्याच्या हातात उशी होती. ती त्याने पुढच्या सीटवर ठेवली, पाठीला नीट बसतेय का ते दाबून पाहिलं. साहेबांनी मागून मान लांब करून त्याचा हात हुंगला. त्याने श्वास रोखला, पण हात मागे घेतला नाही.

"वहिनी सांभाळतील ना? खड्डे बघून चालवा म्हणावं गाडी. पाण्याजवळ जाऊ नकोस. गोळी घेतलीस?" त्याचं संपेना. शेवटी दार लावून खिडकीशी वाकला. "किती वाजता येशील?"

आजींनी काच वर करायला घेतली.

"येईन तेव्हा येईन," त्या म्हणाल्या.