बारावं बासन

पोथी हातात घेतली की अण्णा आधी तिच्यावर तळहात ठेवायचे, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि विचारायचे, "कुठल्या घरची गं तू?" मगच गाठ सोडायचे.

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती हे लागलंच तर चुका पोटात घाला आणि माझ्याबरोबर जरा अण्णांकडे बघा.

आम्ही कानडी मुलखातल्या कॉटनपेटेतले मराठी शिंपी. अण्णा समोरच्या घरात राहायचे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. पोथ्या गुंडाळायची चौकोनी कापडं, म्हणजे बासनं, मी त्यांना शिवून द्यायची. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्का म्हणायचे. मला माणसांत बोलायला जमत नसे. त्या खोलीत न बोललं तरी चालायचं.

हिंदूंच्या पोथ्यांना लाल बासन, बौद्धांच्या पिवळं, जैनांच्या पांढरं. पहिल्यांदा कपाट लावलं तेव्हा मी दुकानातले कापडाचे गठ्ठे लावावेत तशा जाड खाली, बारीक वर रचल्या. अण्णा पोट धरून हसले.

"अक्का, ही माणसं आहेत. एकाच्या डोक्यावर दुसरा बसवलास?"

मग त्यांनी घरं दाखवली. वेद हे चार भाऊ. त्यांच्या घरात शिरलं की पुढे मंत्र, मग यज्ञ कसा करायचा ते, मग अरण्यात बसून केलेला विचार, आणि अगदी आतल्या खोलीत उपनिषदं. "हे सगळं ऐकलेलं. आठवून सांगितलेलं बाहेर अंगणात. तिथे रामायण, महाभारत, पुराणं. गर्दी अंगणातच."

बौद्धांच्या तीन टोपल्या. पहिलीत भिक्षूंचे नियम, दुसरीत बुद्धांचं बोलणं, तिसरीत त्या बोलण्याचा कीस.

"म्हणजे आमच्या सासूबाई पहिल्या टोपलीतल्या," मी म्हणाले. त्या खोलीत मी पहिल्यांदा केलेला विनोद.

"आणि मी तिसरीतला," अण्णा म्हणाले.

जैनांची मात्र अंगं. शरीराला असतात तशी, बारा. मी अकरा बासनं शिवली, तर म्हणाले, "अजून एक."

"पोथ्या तर अकराच आहेत, अण्णा."

"बारावी हरवली. फार जुनी गोष्ट. जैनांतले काही म्हणतात, अकराही जशाच्या तशा राहिल्या नाहीत. पण बारावी गेली हे सगळेच मानतात. तिची जागा ठेवायची."

मी शिवलं. त्यांनी ते रिकामंच घडी केलं, दोरीने बांधलं आणि ओळीच्या शेवटी ठेवलं. गाठ कशी मारायची तेही शिकवलं. "उघडणाऱ्याला राग येऊ नये अशी हवी." एकदा त्यात मी एक सुटी पोथी गुंडाळली, बिचारं कापड वाया जातंय म्हणून. त्यांनी ती काढली, कापड पुन्हा रिकामंच बांधलं. म्हणाले, "गेलेल्याच्या ताटावर दुसऱ्याला बसवायचं नाही, अक्का."

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मुलाला व्हाइटफील्डला कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. तिथलं घर लहान, म्हणून पोथ्या एका वाचनालयाला द्यायचं ठरलं. तिथली माणसं गोणपाट घेऊन आली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते.

अकरा पांढरी बासनं उतरली. बारावं हाताला हलकं लागलं, तशी त्यांच्या सुनेने दोरी सोडली आणि त्या कापडाने फळीवरची धूळ पुसायला हात पुढे केला.

अण्णांचा डावा हात उचलला गेला. तोंडातून नुसता आवाज आला. कुणाला कळेना. सून म्हणाली, "पाणी हवं का, मामंजी?"

दारात मी उभी. खोलीभर परकी माणसं.

"बेडा!" मी कानडीतच ओरडले. "नको, पुसू नका! ते फडकं नाही."

सगळे वळून बघायला लागले. वाचनालयाच्या माणसाने विचारलं, "मग काय आहे त्यात?"

"काही नाही."

"काही नाही, ते न्यायचं कशाला?"

"ती पोथी हरवली आहे. तिची जागा आहे ती. ह्या अकरांच्या शेवटी ठेवायची."

तो हसला. मग त्याने अण्णांकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "सरी अक्का, बरं, ठेवतो," म्हणाला. मी घडी करून, गाठ मारून ते त्याच्या हातात दिलं.

निघताना मी अण्णांच्या पाया पडले. त्यांचा डावा तळहात माझ्या डोक्यावर बराच वेळ राहिला. पोथीला विचारायचे तो पुढचा प्रश्न त्यांना विचारता येत नव्हता. मला तो ऐकू आला.

पावसाळा संपता संपता अण्णा तिकडे व्हाइटफील्डला वारल्याचं कळलं. मला कुणी लगेच कळवलं नाही. मी त्यांची कोण?

पुढच्या वर्षी धीर करून मी वाचनालयात गेले. लाल-पिवळी बासनं एकमेकांत मिसळली होती. पांढरी मात्र एका ओळीत होती, आणि शेवटी ते पातळ, रिकामं. कुणीतरी त्यालाही नंबराची चिठ्ठी चिकटवली होती. मला हसू आलं, मग डोळे पुसावे लागले.

त्याची दोरी सैल झाली होती. मी आधी तळहात ठेवला. मग गाठ पुन्हा मारली, उघडणाऱ्याला राग येऊ नये अशी.