डॅशबोर्डमागची टकटक

मशीनबाईंचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं त्या शिलाई मशीन दुरुस्त करत होत्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल, आणि त्यावर सदैव दोन-तीन मशिनी पोट उघडून पडलेल्या. कुणी दारात उभं राहून "अहो, टाका सुटतो हो हिचा" म्हटलं, की बाई आधी म्हणायच्या, "चालवा बघू जरा." मग डोळे मिटून ऐकायच्या. निम्मं दुखणं त्यांना कानानंच कळायचं.

त्या उन्हाळ्यात दुखणं घरच्याच गाडीला लागलं. सात जणांची ऐसपैस गाडी, नवऱ्याचा जीव की प्राण. एसी लावला की चालवणाऱ्याच्या अंगावर गारेगार वारा, आणि शेजारच्या सीटवर चुलीपुढे बसल्यासारखी धग! आता शेजारच्या सीटवर बसणार कोण, तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे वाकत नसत, त्यामुळे मागे बसायची सोयच नव्हती. आणि रविवारी त्यांना आठ तासांवर धाकट्या बहिणीकडे न्यायचं ठरलं होतं. दोघी अकरा वर्षांनी भेटणार होत्या.

गॅरेजवाल्यानं दोनदा गॅस भरून पाहिला. फरक शून्य. शुक्रवारी तो म्हणाला, "सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. आठवडाभर गाडी सोडा."

"मग जाणं पुढं ढकलू," नवरा घरी येऊन म्हणाला.

सासूबाई आपल्या खोलीत गेल्या. भरलेली बॅग उघडून एकेक कपडा परत कपाटात ठेवू लागल्या. मशीनबाई दारातून ते बघत होत्या.

शनिवारी सकाळी चहा झाल्याबरोबर त्यांनी किल्ली उचलली.

"अगं, कुठं निघालीस?" नवरा मागोमाग आला.

"गाडी ऐकायला."

इंजिन सुरू करून त्या शेजारच्या सीटवर बसल्या. त्या बाजूचं बटण गरमवरून गारवर फिरवलं, पंखा अगदी हळू केला, डोळे मिटले. डॅशबोर्डच्या मागून आवाज आला, टक... टक... टक. मग शांतता. पुन्हा बटण फिरवलं, पुन्हा टकटक.

बाई एकदम ताठ बसल्या. "अहो! हा तर माझा आवाज आहे!"

"तुझा?"

"दात तुटलेल्या चाकाचा! प्लास्टिकचं चाक झिजलं की मशीन अशीच टकटकते. मोटर फिरते, पण चाक पुढं सरकतच नाही. बॉनेट उघडा बरं."

नवऱ्यानं बॉनेट उघडलं. एसीच्या जाड नळीवर पाण्याचे थेंब जमले होते. बाईंनी बोट लावलं, बर्फासारखी गार. म्हणजे गारवा तयार होत होता, वाटेत कुठंतरी अडत होता. गार आणि गरम वारा वाटून देणारी एक झडप आत असणार, ती फिरवणारी छोटी मोटर असणार, आणि त्या मोटरच्या पोटात चाकं. बाईंचे डोळे लकाकले.

पुढच्या अर्ध्या तासात समोरचा कप्पा सुटून अंगणात आला. बाई सीटवर पाठ टेकून, डोकं खाली आणि पाय वर अशा पडल्या होत्या. नवरा टॉर्च धरून वाकला होता. आत तीनच स्क्रू होते. तिसरा सुटला आणि काडेपेटीएवढी काळी मोटर त्यांच्या तळहातावर आली. टेबलावर नेऊन उघडली, तर आतल्या पांढऱ्या चाकाचे चार दात सपशेल गायब!

"सापडलं!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या.

दोघं तडक गॅरेजवर गेली. गॅरेजवाल्यानं चाक उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, मी गॅसच्याच मागं लागलो. डॅशबोर्ड न उतरवता काढलीत ही मोटर?" मग त्यानं मागच्या फळीवर शोधाशोध केली. मोडीत काढलेल्या तसल्याच एका गाडीची मोटर निघाली.

घरी येऊन ती बसवली. इंजिन सुरू. बटण गारवर. आणि वारा आला तो पहिल्यापेक्षा गरम!

नवऱ्याचा चेहरा पडला. बाईंनी मात्र पुन्हा कान दिला. टकटक नव्हती. मोटर धडधाकट होती, फक्त झडप कुठं सुरू होते नि कुठं संपते हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला.

"गाडीच्या बॅटरीची वायर दहा मिनिटं सोडवून ठेवा," तो म्हणाला. "जोडली की मोटर झडपेची दोन्ही टोकं आपली आपण शोधेल."

ती दहा मिनिटं संपता संपेनात. तिघंही गाडीभोवती उभी. अखेर नवऱ्यानं वायर जोडली आणि किल्ली फिरवली. आतून घर्रर्र करत काहीतरी एका टोकाला गेलं, पुन्हा घर्रर्र करत दुसऱ्या टोकाला आलं. बाईंनी जाळीपुढे हात धरला. आधी कोमट, मग गार, मग बोटं आखडावीत असा गार!

"आई, बसा! बसून तर बघा!"

सासूबाई सीटवर टेकल्या. पांढरे केस वाऱ्यानं भुरभुरले. त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाल्या, "अगं, मला चक्क थंडी वाजतेय!" आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

रविवारी दुपारी दोघी बहिणी भेटल्या. आधी रडल्या, मग एकमेकींचं बोलणं तोडत संध्याकाळपर्यंत बोलल्या. मशीनबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

हिवाळ्यात गॅरेजवाल्याचा फोन आला. "बाई, एक गाडी आलीय. हीटर उभ्या गाडीत गार, चालत्या गाडीत गरम. मला वाटतं रेडिएटरचं पाणी कमी झालंय, आतून खळखळही येतेय. याल का जरा?"

"खळखळ कुठल्या बाजूनं?" विचारता विचारताच बाईंचा एक पाय चपलेत गेला होता.

आता दर बुधवारी मशीनबाई गॅरेजवर असतात. वय अठ्ठावन्न. गाडी आली की त्या आधी सगळ्यांना गप्प बसवतात, आणि मग म्हणतात, "चालवा बघू जरा."