मेळघाटातून आणलेला ताप

"सेरेब्रल मलेरिया आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे हिवतापच, पण तो मेंदूपर्यंत गेलाय. बाई, इतके दिवस यांना घरी कसं ठेवलंत?"

अमरावतीच्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी उभी होते. आत माझ्या यजमानांचे हात खाटेला बांधले होते, कारण ते सारखे उठून चालू लागायचे.

हे शाळेत व्यायामशिक्षक होते. आमच्या घरात औषधाची बाटली नव्हती. गार पाण्याची आंघोळ, बाराही महिने अंगणात झोपणं आणि सुट्टी लागली की लेकरांना घेऊन पायी भटकणं. शेजारपाजारचे हसायचे. पण आमची कुसुम आणि तिच्या पाठचा विनू कधी शिंकतसुद्धा नसत. मलाही हे जगणं आवडायचं. मूर्तिजापुरात माहेरी मी उंबऱ्याच्या आतच वाढले. डोंगर मी लग्नानंतर पाहिला.

त्या दिवाळीत आम्ही अमरावतीच्या घरून परतवाड्यामार्गे मेळघाटात गेलो. नाल्याकाठी एका ओळखीच्या कोरकू शेतकऱ्याचं वावर होतं, तिथं उघड्यावर सतरंज्या टाकल्या. जंगलखात्याचा गार्ड येऊन म्हणाला, "मास्तर, पाऊस आत्ताच उघडला. इथला ताप लई वाईट. गोळ्या खात जा."

हे हसले. "मोकळी हवा खानाऱ्या मानसाले गोळ्या कायले लागते?"

घरी परतल्यावर काही दिवसांनी यांना हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप, मग दरदरून घाम, की पुन्हा बरे. एक दिवस सोडून पुन्हा तेच. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "मैदानाले दोन चक्कर मारतो, घाम निघाला का ताप जाते." आणि खरंच धावायला जायचे.

असेच एका सकाळी मैदानावरून आले आणि ओट्यावर बसले. कुसुमनं पाण्याचा गडवा पुढं केला. तिच्याकडं पाहून त्यांनी मला विचारलं, "हे पोरगी कोनाची व्हय?"

कुसुम रडू लागली. मी टांगा बोलावला.

दवाखान्यात आधी बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. त्याला स्लाइड म्हणतात. तापाचे जंतू त्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मग सलाइनमधून क्विनीन सुरू झालं. दुपारी झटके आले आणि शुद्ध गेली. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. "रक्तातल्या पेशी फुटताहेत. आता किडनी, म्हणजे मूत्रपिंड, किती तग धरेल, त्यावर सगळं आहे."

माझ्याशेजारच्या बाकावर अकोल्याकडची एक बाई बसायची. तिचा मुलगाही आत होता. ती भाकरी आणायची, अर्धी मला द्यायची. एकदा मी गेले तर बाक रिकामा होता. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

त्यातच घरी लेकरांपाशी थांबलेल्या सासूबाई धावत आल्या. "सूनबाई, कुसुमले थंडी वाजून ताप आला."

यांना तेव्हा थोडी शुद्ध आली होती. त्यांनी ते ऐकलं. ओठ सुकून फाटले होते, जीभ जड झाली होती. माझं मनगट धरून म्हणाले, "तिले गोळ्या दे. आत्ताच दे. माह्याजवळ बसू नोको, जाय."

त्यांच्या तोंडून गोळी हा शब्द मी पहिल्यांदाच असा ऐकला. मी गेले. कुसुमच्या स्लाइडमध्ये तेच जंतू निघाले. डॉक्टरांनी लगेच क्लोरोक्वीन दिलं. कडू गोळी ती ओकायची, मी गुळात घालून पुन्हा द्यायची. तिचा ताप उतरला.

यांची लघवी मात्र बंद झाली. तोंड, पाय सुजले. मग श्वास जड झाला आणि एका सकाळी थांबला. डॉक्टर म्हणाले, "शरीर फार मजबूत होतं, म्हणून एवढं टिकले."

तुमच्या घरी कुणाला असा थंडी वाजून ताप आला, तर घाम निघायची वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. गडी धडधाकट आहे म्हणून थांबू नका. धडधाकटपणामुळेच आमच्या घरी उशीर झाला. त्या डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी रागावून विचारलं होतं, पण कुसुमला त्यांनीच वाचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर सासूबाईंनी लेकरांचं बाहेर निजणं बंद केलं. खिडक्या लावून घेतल्या. वर्षभरात दोघं पिवळट पडली, चिडकी झाली. पुढल्या दिवाळीत मी पिशवीत मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या भरल्या आणि दोघांना घेऊन मेळघाटातल्याच चिखलदऱ्याला निघाले. सासूबाई दारात आडव्या आल्या. "एक गेला तेवढा पुरे नाई काय वं?"

मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

वर बसमधून उतरताच विनू उताराकडं पळत सुटला, त्याच्यामागं कुसुम. हाक तोंडाशी आली होती. ती मी गिळली आणि त्यांच्यामागून चालू लागले.