रिलीज चालू असताना उठायचं नाही

दवाखान्यांत नंबर लावायच्या आमच्या ॲपची नवी आवृत्ती सर्व्हरच्या ताफ्यावर चढवायची असली, की आमचे साहेब चपला काढून खुर्चीतच मांडी घालायचे आणि सगळ्या कमांड स्वतः टाइप करायचे. एक जरी चुकली, तरी ॲप बंद पडून पेशंट ताटकळणार. हे रिलीज संपेपर्यंत कोथरूडच्या आमच्या ऑफिसात कुणी उठायचं नाही, मॅचमध्ये विकेट पडू नये म्हणून बसतात तसं. मी एकदा बाटली भरायला उठले, तर मान न वळवता म्हणाले, "पाणी पळून जात नाही. बसा."

गेले काही महिने ते या साऱ्या कमांड एका बटणामागे बसवत होते. बिघडलं तर जुनी आवृत्ती आपोआप परत येईल, अशी सोयही त्यांनी केली.

काल मला म्हणाले, "दाबा."

मी दाबलं. स्क्रीनवर एकेक सर्व्हर हिरवा होऊ लागला. आम्ही सवयीने खुर्च्यांना चिकटलेलो. त्यांनी पायानेच चपला शोधल्या आणि उठले.

"अहो, अजून संपलं नाहीये," मी दचकून म्हणाले.

"मग? ते काय माझ्याकडे बघून चालतंय? चला, चहा घेऊ."

दारापाशी मात्र त्यांनी एकदा मागे वळून पाहिलंच.