चौथा कोपरा

माझ्या काकांनी आयुष्यात जे जे टांगलं किंवा उभं केलं, ते ते कोणाच्या तरी अंगावर पडलं. पडद्याचा दांडा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांवर पडला, फळी बरण्यांसकट शेजारच्या आजींच्या पायाशी आली आणि भिंतीवरचं घड्याळ खुद्द काकूच्या डोक्यात. काकूच्या कपाळावर त्याची खूण अजून आहे. काका म्हणतात, "पण घड्याळाला काही झालं नाही, हे कोणी बोलत नाही."

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. तिथे त्यांच्या हातून केसभर चूक होत नसे. घरी मात्र त्यांचं आणि भिंतीचं कधी पटलं नाही. आमच्या इमारतीत त्यांना 'इंजिनियर' म्हणतात, आणि त्यात कौतुक आहे असा काकांचा प्रामाणिक समज आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात. काकांनी तंबू आणला. एवढीशी गुंडाळी, हातात घेतली तर दुधाच्या पिशवीएवढी हलकी. त्याला स्वतःचे खांबसुद्धा नव्हते. चालताना हातात धरायच्या दोन काठ्या आत उभ्या करायच्या, चार कोपऱ्यांच्या दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधायच्या, झाला तंबू. काकांना काकूबरोबर एक रात्र डोंगरावर राहायचं होतं. लग्न झाल्यापासून मनात होतं म्हणे, पण सांगायचा धीर आता झाला.

काकूने तंबूकडे पाहिलं, मग काकांकडे. "वारा, पाऊस, बर्फ, सगळ्यात हा उभा राहिला तर येईन. एकदा जरी पडला तर हा विषय बंद. कायमचा."

"बर्फ? आपल्याकडे?"

"तुमचा काय भरवसा," काकू म्हणाली.

काका हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावरून खाली आले, तर बैठकीच्या खोलीत तंबू. फरशीत खुंट्या जाईनात, म्हणून एक दोरी सोफ्याच्या पायाला, दुसरी कपाटाला, तिसरी शिलाई मशीनला. चौथा कोपरा स्वयंपाकघराच्या दाराकडे येत होता आणि तिथे बांधण्यासारखं काही नव्हतं. तिथे होती फक्त काकूची वेताची खुर्ची, आणि खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसलेली काकू. काकांनी खुर्चीलाच दोरी बांधली, काकूला न विचारता, आणि विसरून गेले.

मग वाऱ्याची परीक्षा झाली. उभा पंखा आणला, शेजाऱ्यांचाही मागून आणला. तंबू फडफडला पण हलला नाही. पावसासाठी काकांनी न्हाणीघरातून नळी ओढली. सोफा भिजला, मशीन भिजली, काकूचं शब्दकोडं भिजलं, तंबू उभाच. चढावर कसा राहील ते बघायला सोफ्याचे मागचे पाय विटांवर चढवले. आणि बर्फ म्हणून काका स्टुलावर चढून दोन उशा फाडून कापूस ओतत राहिले. मला एवढा राग आला होता की मी केरसुणी आणून त्यांच्या हातात देणारच होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

काकू सवयीने अर्धवट उठली. हलकी खुर्ची फरशीवरून सर्रकन सरकली, तंबू एका बाजूला कलला. काकूने मागे वळून दोरी पाहिली. एक शब्द बोलली असती, नुसती दारापर्यंत गेली असती, तरी विषय कायमचा बंद झाला असता. स्टुलावर काका डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, आणि चेहरा असा खुललेला की मी तो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

काकू परत बसली. "दार तू उघड गं," मला म्हणाली. "माझे गुडघे दुखतायत."

"पाहिलंस?" काका वरून ओरडले. "बर्फातसुद्धा उभा!"

तेव्हा मला माझ्या काकूबद्दल इतकी माया वाटली, की कापूस मीच झाडला.

डोंगरावर मी त्यांना माझ्या गाडीने नेलं. काकूने टपावर वेताची खुर्ची बांधायला लावली. काका वाटभर धुसफुसत होते, "एवढा हलका तंबू घ्यायचा आणि वर फर्निचर न्यायचं! लोक काय म्हणतील?" काकू खिडकीबाहेर बघत राहिली.

वर सगळा कातळ. खुंट्या वाकल्या. पण काकांचा सराव फरशीवरचाच होता, त्यामुळे ते जराही डगमगले नाहीत. एक दोरी झाडाला, दुसरी धोंड्याला, तिसरी माझ्या गाडीच्या चाकाला. चौथी घेऊन ते इकडेतिकडे बघू लागले. काकू आपणहून खुर्ची घेऊन आली, कोपऱ्यावर ठेवली, दोरी तिला बांधली आणि बसली.

संध्याकाळी पाऊस आला, वाराही. मी गाडीत. काका तंबूत पाय पसरून बसलेले, आणि काकू बाहेर, खुर्चीत, छत्री धरून, जणू बसची वाट बघतेय.

"अगं, ये ना आत! एक थेंब नाही!"

"असू दे. मी बरी आहे इथे."

"बाहेर बसायचं तर मी हे सगळं कुणासाठी केलं?"

काकांचा आवाज चिरकला होता. हे काकूलाही ऐकू गेलं. तिने छत्री मिटली.

"अहो, मी उठले तर तो पडेल."

"काय वाट्टेल ते! बर्फातसुद्धा उभा होता!"

"तेव्हाही मीच बसले होते."

काकांनी पडदा बाजूला करून दोरी पाहिली, खुर्ची पाहिली, नखशिखांत भिजलेली काकू पाहिली. "तू ये," ते हळूच म्हणाले. "पडला तर पडू दे."

काकू उठली आणि आत शिरली. खुर्ची कातळावरून घरंगळत गेली, काठ्या आडव्या झाल्या, आणि सगळा तंबू दोघांच्या डोक्यावर बसला. मी धावत गेले. कापडाखाली दोन डोकी दिसत होती, हलत नव्हती.

"काकू! लागलं का?"

काकूचं हसू ऐकू आलं, इतकं की सगळं कापड हलायला लागलं.

"अहो," ती आतून म्हणत होती, "तुमचं काहीतरी डोक्यात पडलं आणि लागलं नाही, असं हे पहिल्यांदाच."